ह्वेची अमावास्या

दर काही महिन्यांनी माझ्या फोनवर एक संदेश नव्याने येऊन पडतो. अमेरिकेसारख्या महासत्तेला तुम्ही कसे हरवले, असे कोणीतरी व्हिएतनामच्या राष्ट्राध्यक्षांना विचारले आणि त्यांनी छत्रपती शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्याचे नाव घेतले, अशी ती गोष्ट आहे. पुढे त्यांच्या समाधीवर ते महाराजांचे मावळे असल्याची ओळ कोरली आहे, असेही त्यात लिहिलेले असते. राष्ट्राध्यक्षांचे नाव, साल, प्रश्न विचारणारा पत्रकार, समाधीचे गाव यांपैकी काहीही त्यात कधी नसते, आणि ज्या गोष्टीला नाव-गाव-साल नाही तिला बखरीतसुद्धा जागा मिळू नये, असे माझे मत आहे. आमच्या दुर्गभ्रमण मंडळाच्या गटावर मी तसे एकदा लिहिले, तेव्हा दोघांनी मला अभिमानशून्य ठरवले आणि तिसऱ्याने तोच संदेश पुन्हा पाठवला.

त्या संदेशाच्या खरेखोटेपणापेक्षाही मला खटकतो तो त्यातील ‘गनिमी कावा’ या शब्दाचा सैल वापर. आपल्याकडे हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे लाल महाल उभा राहतो: रमजानचा महिना, निवडक माणसे, एकच लक्ष्य, आणि पहाट होण्याआधी सिंहगडाच्या दिशेने माघार. एप्रिल १६६३ च्या त्या रात्री पुण्याच्या रयतेच्या घरांवर तोफ चालली नाही. व्हिएतनामच्या युद्धात, १९६८ च्या जानेवारीअखेर, उत्तरेच्या कम्युनिस्ट फौजांनी आणि दक्षिणेतील त्यांच्या साथीदार व्हिएतकाँग गनिमांनी अमेरिकेचा पाठिंबा असलेल्या दक्षिण व्हिएतनामच्या शहरांवर सणाच्या रात्री जे हल्ले केले, त्यांनाही आपण सहज तेच नाव देतो. पण त्यांतील सर्वांत लांबलेली आणि सर्वांत रक्तरंजित लढाई ज्या शहरात झाली, त्या ह्वे शहराची कथा अगदी वेगळी आहे. मी दोन वर्षांपूर्वी तेथे गेलो होतो आणि तेथील तटावरून चालताना जे वाचलेले होते ते पुन्हा लावून पाहत होतो. इंग्रजी अक्षरांवरून आपण त्या शहराला ‘ह्यू’ म्हणतो; तेथील माणसे ‘ह्वे’ असा उच्चार करतात, म्हणून मीही तसेच लिहितो आहे.

सणाच्या दिवसांत शत्रूला बेसावध गाठण्याची कल्पना सुचण्यासाठी व्हिएतनामी माणसाला रायगडापर्यंत यावे लागत नाही, ती त्याच्या पाठ्यपुस्तकात असते. १७८८ च्या डिसेंबरात क्वांग त्रुंग याने ह्वे येथेच स्वतःला सम्राट घोषित केले आणि उत्तरेत थांग लाँग, म्हणजे आजचे हनोई, बळकावून बसलेल्या चिनी फौजेवर तो चालून गेला. तेत म्हणजे त्यांचे चांद्र नववर्ष. वाटेत त्याने आपल्या सैनिकांना तेतचा सण काही दिवस आधीच साजरा करायला लावला, आणि खरा सण चालू असताना, शत्रू सुस्त असताना, त्याला गाठले. थांग लाँग मोकळे झाले तो दिवस ३० जानेवारी १७८९ होता. या तारखेपाशी थांबण्याचे कारण पुढे येईल.

ह्वे हे न्गुयेन घराण्याच्या राजधानीचे शहर. क्वांग त्रुंगचा वंश मोडून १८०२ मध्ये गादीवर बसलेल्या जिया लाँग याने ह्युओंग नदीच्या उत्तर काठावर किल्ला बांधायला घेतला आणि त्याच्या मुलाच्या काळात, १८३२ मध्ये, तो पुरा झाला. सह्याद्रीतील किल्ल्यांची सवय झालेल्या डोळ्यांना तो पहिल्यांदा किल्लाच वाटत नाही, कारण तेथे डोंगर नाही, कडा नाही, चढ नाही. सपाट जमिनीवर, फ्रेंच धर्तीच्या आराखड्याने आखलेला, सुमारे १० किलोमीटर घेराचा तो भुईकोट आहे. २४ बुरूज, बाहेर पाण्याने भरलेला खंदक, आणि आत एक संपूर्ण शहर. शहराच्या आत पुन्हा तटबंदी आणि तिच्या आत राजवाडा. आपल्या भाषेत सांगायचे तर माची, बालेकिल्ला आणि बालेकिल्ल्यात आणखी एक बालेकिल्ला. तटाची जाडी काही ठिकाणी वीस मीटरच्या आसपास भरते. दोन भिंतींमध्ये माती भरून तो केलेला असल्यामुळे तोफगोळा त्यात रुततो, आरपार जात नाही. ही शेवटची गोष्ट १९६८ मध्ये फार महागात पडली.

त्या काळात किल्ल्याच्या आत दाट वस्ती होती आणि नदीच्या दक्षिण काठावर फ्रेंचांनी वसवलेले नवे शहर होते: विद्यापीठ, रुग्णालय, तुरुंग, खजिना, प्रांताचे मुख्यालय आणि अमेरिकी लष्करी सल्लागारांची वसाहत. शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख ४० हजार होती. देश युद्धात होरपळत असताना ह्वेला मात्र फारशी झळ लागलेली नव्हती, आणि शहराच्या प्राचीनपणाचा मान दोन्ही बाजू राखतात असा तेथील लोकांचा समज झाला होता.

आता पंचांगाकडे येतो. आमचे घर रत्नागिरीचे आणि टिळक पंचांग मानणारे, त्यामुळे अधिक मासाच्या फरकाने एखाद्या वर्षी आमचा गणपती शेजाऱ्यांच्या महिनाभर आधी येतो, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. दोन पंचांगांतील फरकाने फार तर मोदकांची वेळ बदलते अशी माझी समजूत होती. व्हिएतनाममध्ये त्याने एका देशव्यापी हल्ल्याची रात्र बदलली.

तेतचा आरंभ अमावास्येवरून ठरतो. उत्तरेच्या हनोई सरकारने १९६७ च्या ऑगस्टमध्ये आपले पंचांग बदलले आणि गणितासाठी चीनच्या प्रमाणवेळेऐवजी हनोईची, म्हणजे एक तास मागची, वेळ धरायचे ठरवले. दक्षिणेत जुनेच गणित चालू राहिले. एरवी या एका तासाने काहीही बिघडले नसते. पण १९६८ च्या तेतची अमावास्या नेमकी मध्यरात्रीच्या दोन्ही बाजूंना पडली. हनोईच्या घड्याळाप्रमाणे ती २९ जानेवारीच्या रात्री साडेअकराच्या सुमारास झाली आणि दक्षिणेची राजधानी असलेल्या सायगावच्या घड्याळाप्रमाणे ३० जानेवारी उजाडण्याच्या वाटेवर, रात्री साडेबाराला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते आणि पौष अमावास्या संपून माघ लागत होता. परिणामी उत्तरेत तेतचा पहिला दिवस २९ जानेवारी ठरला आणि दक्षिणेत ३० जानेवारी.

हल्ल्याचा आदेश सणाच्या हिशेबाने दिलेला होता. मध्य व्हिएतनाममधील काही तुकड्यांनी एक पंचांग धरले आणि बाकीच्यांनी दुसरे, असे त्या गोंधळाचे एक कारण सांगितले जाते. ऐनवेळी एक दिवस पुढे ढकलल्याचा निरोप सर्वांपर्यंत पोहोचला नाही, असेही म्हणतात. काहीही असो, ३० जानेवारीच्या पहाटे न्हा त्रांग, दा नांग, प्लेइकू, कोन तुम यांसारख्या काही शहरांवर हल्ला झाला आणि सायगाव, ह्वे व इतर बहुतेक ठिकाणी तो झाला ३१ च्या पहाटे. गनिमाचा डाव एक दिवस आधीच उघडा पडला होता.

मग ह्वे सावध का झाले नाही? किल्ल्याच्या ईशान्य कोपऱ्यातील मांग का येथे दक्षिण व्हिएतनामच्या पहिल्या डिव्हिजनचे मुख्यालय होते आणि तिचे सेनापती न्गो क्वांग त्रुओंग यांना धोक्याचा वास आला होता. त्यांनी ३० तारखेलाच मुख्यालयातील लोकांना घरी न जाता तेथेच थांबवून घेतले. पण निम्मे सैन्य सणाच्या रजेवर गेलेले होते. शहराच्या दक्षिणेला सुमारे १३ किलोमीटरवर असलेल्या फू बाय येथील अमेरिकी तळावर शत्रूचे बिनतारी संदेश पकडले गेलेही होते. ते पृथक्करणासाठी नियमाप्रमाणे दा नांगला पाठवले गेले, आणि तेथून फिरून ह्वेला पोहोचेपर्यंत लढाई सुरू झाली होती. अमेरिकी सरसेनापती वेस्टमोरलँड यांचे सारे लक्ष तर सरहद्दीजवळच्या खे सान्ह येथील वेढ्याकडे लागलेले होते. सरकारी कागदाला वाट ठरलेली असते आणि त्या वाटेवर तो कोणासाठीही धावत नाही, हे सरकारी नोकरीत तीस वर्षे काढलेल्या माणसाला कोणी सांगावे लागत नाही.

त्या रात्री शहरात पिवळी माय फुले घरोघरी मांडलेली होती, तेतच्या पहिल्या दिवसाच्या भेटीगाठी उरकून लोक झोपले होते, आणि पहाटे साडेतीनच्या सुमारास पहिले रॉकेट पडले तेव्हा अनेकांना ते फटाके वाटले. किल्ल्याच्या पश्चिम दरवाजापाशी दक्षिणेच्या सैनिकांचे गणवेश घातलेल्या एका छोट्या टोळीने पहारेकऱ्यांना मारले आणि दरवाजा आतून उघडला. हा प्रकार वाचताना आपल्याकडच्या किती गडांच्या कथा आठवतात! त्या उघड्या दरवाजातून उत्तर व्हिएतनामच्या नियमित फौजेची सहावी रेजिमेंट आत शिरली, चौथी रेजिमेंट नदीच्या दक्षिणेकडील शहरावर गेली, आणि स्थानिक व्हिएतकाँगच्या तुकड्या त्यांना गल्ल्या दाखवत होत्या. सकाळी आठच्या सुमारास राजवाड्यासमोरच्या ध्वजस्तंभावर सोनेरी ताऱ्याचा लाल-निळा झेंडा फडकला. शहरात दोनच ठिकाणे त्यांच्या हाती लागली नव्हती: मांग का येथील मुख्यालय आणि दक्षिण काठावरील अमेरिकी सल्लागारांची वसाहत.

माझ्या मते ‘गनिमी कावा’ हा शब्द त्या झेंड्यापाशी संपतो. सायगावमध्ये अमेरिकी वकिलातीच्या आवारात शिरलेल्या टोळीचा निकाल सहा-सात तासांत लागला होता. बहुतेक शहरांत हल्लेखोर दोन-चार दिवसांत मारले गेले किंवा हटले. ह्वेमध्ये मात्र ते थांबण्यासाठीच आले होते. शहरात पाऊल टाकताच जनता उठाव करील आणि सायगावचे सरकार कोसळेल, असा हनोईच्या योजनेचा पाया होता, आणि ह्वेबद्दल ती आशा अगदीच हवेत नव्हती. १९६६ मध्ये सायगावच्या लष्करशहांविरुद्ध बौद्ध भिक्षू आणि विद्यार्थी यांचे मोठे आंदोलन याच शहरात झाले होते. ते चिरडले गेल्यावर काही विद्यार्थी जंगलात निघून गेले होते, आणि त्यांतील काही जण आता बंदुका घेऊन आपल्याच गल्ल्यांत परतले होते. विद्यापीठातील एका प्राध्यापकाच्या नावाने क्रांतिकारी प्रशासनाची घोषणाही झाली. पण उठाव झाला नाही. लोक दारे लावून, पलंगाखाली खड्डे खणून बसून राहिले. उठाव न झाल्यावर शहरात बसून राहिलेल्या गनिमाची जागा किल्लेदाराची होते, आणि रयतेला किल्ला सोडण्याची सोय राहत नाही.

पुढच्या पंचवीस दिवसांची लष्करी हकीकत मी थोडक्यात सांगतो, कारण ती अमेरिकी बाजूने भरपूर लिहिली गेली आहे. फू बायहून पहिल्यांदा मरीन सैनिकांची एक कंपनी पाठवली गेली, मग दुसरी. शहरात शत्रू किती आहे याचा वरच्या अधिकाऱ्यांना पत्ताच नव्हता. पहिल्याच दुपारी एका कंपनीला नदीवरचा पूल ओलांडून किल्ल्याकडे जाण्याचा हुकूम मिळाला आणि तिची सुमारे एक तृतीयांश माणसे पुलावर व पलीकडच्या गल्लीत मरून वा जखमी होऊन पडली. जंगलात लढण्याचे शिक्षण घेतलेल्या या फौजेला घराघरांतून लढण्याचा अनुभव १९५० च्या, कोरियातील सोलच्या लढाईनंतर नव्हता. एका बटालियनचे प्रमुख अर्नेस्ट चीटम यांनी फू बायच्या तळावर जुन्या पेट्या उचकून शहरी लढाईच्या पुस्तिका शोधल्या आणि रात्रभर वाचून काढल्या. पुस्तिकांचा सारांश असा होता, की रस्त्यावरून जाऊ नये, भिंती फोडून घरातून घरात जावे. दक्षिण काठावरचे शहर असे भिंती फोडत फोडत १० फेब्रुवारीपर्यंत परत घेतले गेले. दरम्यान ७ तारखेला गनिमांच्या सुरुंगवाल्यांनी त्रुओंग तिएन पुलाचा एक गाळा उडवून टाकला.

किल्ल्याच्या आत पहिल्या पंधरवड्यात दक्षिण व्हिएतनामी सैन्य एकटेच लढत होते. राजधानीच्या वारशाला धक्का नको म्हणून जड तोफा आणि बाँब यांना प्रारंभी मनाई होती. हिवाळ्यातील झिरमिर पाऊस, खाली उतरलेले ढग आणि बोचरी थंडी यांमुळे विमानांना तसेही काही दिसत नव्हते. १२ फेब्रुवारीच्या सुमारास मनाई उठली, मरीन सैनिकांची बटालियन आत आली, आणि मग नदीतील युद्धनौकांपासून समुद्रातील जहाजांपर्यंत सर्वांच्या तोफा त्या वस्तीवर चालू लागल्या. दोंग बा दरवाजावरच्या बुरुजासाठी जी लढाई झाली तिच्यात दरवाजावरील मनोऱ्याचा ढिगारा झाला आणि त्या ढिगाऱ्यातूनच पुन्हा गोळ्या येऊ लागल्या. मातीने भरलेला जाड तट आता आतल्या माणसाला आसरा देत होता. तो कोणी बांधला होता याच्याशी तटाला देणेघेणे नसते. पश्चिमेकडून येणारी रसद अमेरिकी घोडदळाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हेलिकॉप्टर डिव्हिजनने अखेरीस तोडली, आणि २४ फेब्रुवारीच्या पहाटे दक्षिण व्हिएतनामी सैनिकांनी ध्वजस्तंभावरचा तो झेंडा उतरवून आपला पिवळा झेंडा चढवला. त्याच दुपारी ‘हाक बाओ’, म्हणजे काळा चित्ता, या नावाची त्यांची निवडक कंपनी राजवाड्यात शिरली.

लष्करी हिशेब असा आहे: अमेरिकेचे २१६ सैनिक मेले, दक्षिण व्हिएतनामचे सुमारे साडेचारशे, हल्लेखोरांच्या मृतांची संख्या अमेरिकी अंदाजाप्रमाणे पाच हजारांच्या वर जाते, आणि त्यांची स्वतःची नोंद बरीच कमी आहे. शहरातील दर दहांपैकी आठ घरे पडली किंवा मोडली. १ लाख ४० हजारांपैकी १ लाख १६ हजार माणसे बेघर झाली. मेलेल्या व बेपत्ता नागरिकांचा सायगाव सरकारचा आकडा ५,८०० च्या आसपास होता.

या शेवटच्या आकड्यात दोन निरनिराळे मृत्यू एकत्र पडलेले आहेत आणि ते वेगळे काढणे मला आवश्यक वाटते, कारण दोन्ही बाजूंचे अभिमानी लोक त्यांपैकी एकच पाहतात. पहिला मृत्यू बाँब, तोफा आणि पडलेल्या घरांखालचा. तो मुख्यतः शहर ‘सोडवणाऱ्यां’च्या हातून झाला. घरात शत्रू आहे की आजी आहे हे भिंत फोडून आत ग्रेनेड टाकणाऱ्याला दिसत नाही. दुसरा मृत्यू याद्यांचा.

हल्लेखोर शहरात आले तेव्हा त्यांच्याकडे नावांच्या याद्या तयार होत्या. सरकारी अधिकारी, सैन्यातील माणसे, पोलीस, प्रांतातील पुढारी, अमेरिकनांकडे काम करणारे, काही पाद्री आणि शिक्षक अशी ती नावे होती. पहिल्या दिवसांत ध्वनिक्षेपकावरून लोकांना नोंदणीसाठी बोलावले गेले. गेलेली बरीच माणसे चिठ्ठी घेऊन सुखरूप घरी आली, त्यामुळे लोकांची भीती कमी झाली. नंतर पुन्हा बोलावणे आले आणि त्या वेळी गेलेली माणसे परतली नाहीत. यादीत नसलेलेही त्यांत गेले, कारण शेजाऱ्याचे जुने भांडण बोट दाखवून मिटवता येत होते. ह्वेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारे तीन जर्मन डॉक्टर आणि त्यांपैकी एकाची पत्नी यांनाही नेले गेले आणि नंतर त्यांची प्रेते उथळ खड्ड्यात सापडली. फू काम येथील कॅथलिक चर्चमध्ये आसऱ्याला बसलेल्या शेकडो लोकांतून पुरुषांना आणि मोठ्या मुलांना निवडून रांगेने दक्षिणेच्या डोंगरांकडे नेले. त्यांचे काय झाले हे दीड वर्षाने, १९६९ च्या सप्टेंबरात, कळले. पलटून आलेल्या काही गनिमांनी दाखवलेल्या वाटेने सैनिक दा माय नावाच्या ओढ्यापाशी पोहोचले, तेव्हा दाट झाडीतल्या वाहत्या पाण्याने धुऊन पांढरी झालेली चारशेहून अधिक माणसांची हाडे तेथे पडलेली होती.

शहराभोवती, जिया होईच्या शाळेच्या आवारात, राजांच्या समाध्यांजवळ, समुद्राकडच्या वाळूत, पुढची दोन वर्षे खड्डे सापडत राहिले आणि एकूण सुमारे २,८०० प्रेते निघाली. त्यांतील किती जणांना ठरवून मारले, किती जणांना माघार घेताना ओझे नको म्हणून मारले आणि किती जण तोफांनी मेलेले एकत्र पुरले गेले, यावर अभ्यासकांत तीव्र वाद झाला. अमेरिकी सरकारच्या प्रचारयंत्रणेने त्या खड्ड्यांचा भरपूर उपयोग करून घेतला, म्हणून काही अमेरिकी युद्धविरोधकांनी त्या हत्याच अतिरंजित ठरवल्या. मला ही दुसरी भूमिका पटत नाही. सत्य सांगणारा सोयीसाठी सांगतो आहे म्हणून ते खोटे होत नाही. आणि तोफांनी मेलेल्यांचे पाप त्यामुळे हलकेही होत नाही.

महाराजांनी चिपळूणकडच्या छावणीतील अधिकाऱ्यांना लिहिलेले एक पत्र सर्वांना ठाऊक आहे. गवताच्या गंज्यांजवळ दिवा राहिला तर पेटती वात उंदीर घेऊन जाईल आणि आग लागेल, इतक्या बारकाव्याची काळजी त्यात आहे, आणि रयतेला तोशीस पोहोचली तर मोगलांपेक्षाही तुम्हीच अधिक वाईट असे लोक म्हणतील, अशा अर्थाची ताकीदही आहे. तो संदेश पुढे पाठवणाऱ्यांनी हे पत्र आणि ह्वेचे पंचवीस दिवस एका बैठकीत वाचावेत, एवढीच माझी विनंती आहे. गनिमी काव्यात लढणारा अदृश्य राहू शकतो तो रयतेच्या भरवशावर. ह्वेमध्ये तो भरवसा मिळाला नाही, तेव्हा तो यादी करून वसूल करण्यात आला.

व्हिएतनामच्या सरकारी इतिहासात मौ थान, म्हणजे १९६८ चे वानरवर्ष, हा विजयाचा उत्सव आहे. राजकीय अर्थाने तो विजय होताही. शहरे परत गेली, उठाव झाला नाही, व्हिएतकाँगचे कंबरडे मोडले. पण दूरचित्रवाणीवर रोज रात्री ह्वे पाहणाऱ्या अमेरिकेचा युद्धावरचा विश्वास उडाला. तेथील नामवंत वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट स्वतः ह्वेला येऊन गेले आणि २७ फेब्रुवारीला त्यांनी हे युद्ध कोंडीत अडकले आहे असे देशाला सांगितले. ३१ मार्चला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी पुन्हा निवडणूक न लढवण्याचे जाहीर केले. याद्यांविषयी मात्र त्या उत्सवात काही बोलले जात नाही. तटावरून चालताना विटांवर गोळ्यांच्या खुणा दिसतात. राजवाड्यात १९४७ ची आग आणि १९६८ ची लढाई यांतून वाचलेल्या मोजक्या वास्तूंभोवती गवत वाढलेली मोकळी जोती आहेत. एखाद्या गडावरचे वाड्याचे जोते पाहावे तसे मी ती पाहत फिरलो, आणि मग ध्यानात आले की ही जोती माझ्यापेक्षा वयाने लहान आहेत.

ह्वेच्या लोकांचे स्मरण वेगळ्या रीतीने चालते. या किल्ल्यावर ५ जुलै १८८५ च्या रात्रीही लढाई झाली होती; त्या वेळी दरबारी सैन्याने फ्रेंचांवर रात्री हल्ला केला, तो फसला, आणि उजाडल्यावर फ्रेंच फौज शहरात शिरून कत्तल आणि लूट करत सुटली. ती तिथी त्यांच्या पाचव्या महिन्याची तेविसावी. आजही त्या दिवसांत ह्वेमधील घरांसमोर, दुकानांसमोर, फुटपाथवर लहान टेबले मांडून भात, मीठ, पाणी आणि कागदी कपडे ठेवले जातात. आपल्याकडे ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री असते, तसे ते मला वाटले. १९६८ च्या मृतांसाठी असे उघडे टेबल नाही. ते घराच्या आत आहे.

मी ज्या घरी उतरलो होतो ते तटाच्या आतच, उत्तरेकडच्या एका गल्लीत होते आणि मी गेलो तेव्हा तेतचा आठवडा चालू होता. घरमालकीण माझ्याहून लहान, चहा करून देणारी, हसऱ्या चेहऱ्याची बाई. तिला इंग्रजी येत नव्हते, मला व्हिएतनामी येत नव्हते, आणि आमच्यामध्ये तिची महाविद्यालयात शिकणारी मुलगी आणि एक भाषांतराचे ॲप होते. सहाव्या दिवशी सकाळी घरात स्वयंपाकाची धांदल दिसली म्हणून पाहुणे येणार आहेत का असे मी विचारले. मुलीने सांगितले, की आज आईच्या आजोबांचा दिवस आहे. ते टपाल कचेरीत कारकून होते. सणाच्या तिसऱ्या दिवशी नाव नोंदवायला गेले आणि दुपारी चिठ्ठी घेऊन घरी आले. सहाव्या दिवशी पुन्हा बोलावले म्हणून गेले, जाताना सणाचा नवा सदरा बदलून जुना घालून गेले. ते कधी मेले आणि कोठे, हे घरात कोणालाही कळले नाही, म्हणून घर सोडले तोच दिवस पाळतात. त्या गल्लीत, ती म्हणाली, याच आठवड्यात आणखी चार घरी जेवण असते.

मग मालकिणीने मला काहीतरी विचारले आणि मुलीने ते सांगितले: तुमच्या वडिलांचा दिवस कोणत्या तारखेला असतो? तारीख नसते, तिथी असते, असे मी मराठीतच ॲपमध्ये बोललो, आणि त्यातून जे काही बाहेर आले ते ऐकून दोघी गोंधळल्या. त्यांच्या भिंतीवर रोज एक पान फाडायचे जाड कॅलेंडर टांगलेले होते. वर मोठ्या आकड्यात इंग्रजी तारीख आणि खाली कोपऱ्यात बारीक आकड्यात चंद्राची. मी उठून त्या खालच्या सहाच्या आकड्यावर बोट ठेवले. मालकीण ‘आ’ म्हणाली, आणि देवघरापुढच्या टेबलावर तिने आणखी एक वाटी भात आणून ठेवला.